डाव्या हाताचं पिस्तूल

मी जन्माने उजव्या हाताचा माणूस आहे. पण बहारीनमध्ये एक अख्खा हिवाळा मी डावखुरा म्हणून काढला, आणि त्याला एक पिस्तूल जबाबदार आहे.

(घाबरू नका. त्या पिस्तुलाने कुणाचा जीव गेला नाही. अब्रू गेली, ती माझी एकट्याची.)

सत्तरचं दशक संपत आलं होतं. सौदीला जोडणारा पूल अजून व्हायचा होता, आणि बेटावरचा प्रत्येक मराठी माणूस दुसऱ्याला निदान चेहऱ्याने तरी ओळखत होता. मनामाच्या बाजारामागे अबू सलमान नावाच्या बहारीनी घरमालकाच्या इमारतीत आम्ही राहायचो: मी, बायको शालन, आणि त्या हिवाळ्यापुरती कुडाळहून आलेली माझी आई. मी एका कंपनीच्या स्टोअर्समध्ये क्लार्क होतो. कुणाला कसला सुटा भाग हवा ते विचारायचं, कॅटलॉगात शोधायचं आणि विलायतेहून मागवायचं, हे माझं काम. या कामात मी चोख आहे, असं माझं स्पष्ट मत होतं. कॉन्ट्रॅक्ट मात्र संपत आलं होतं. ते वाढवायचं की मला कुडाळला धाडायचं, हे बार्लो साहेबांच्या मर्जीवर होतं.

बार्लो साहेब म्हणजे आमचे इंग्रज मॅनेजर. उंच, लालबुंद, आणि नेमबाजीचे वेडे. झल्लाकच्या वाटेवर वाळूचा उंच बांध घालून त्यांनी क्लबासाठी नेमबाजीचं मैदान करून घेतलं होतं. तिथे पॉइंट टू-टूची पिस्तुलं चालायची. इवलीशी गोळी, दिवाळीतल्या लवंगीएवढा आवाज आणि समोर कागदाचं लक्ष्य. वर्षातून एकदा दुसऱ्या कंपनीच्या क्लबाशी सामना असायचा. त्या वर्षी आमच्या टीममधला एक गडी बदली होऊन गेला आणि साहेब चहाच्या वेळी उसासे टाकू लागले.

तेव्हा मी गप्प बसायला हवं होतं. पण कॉन्ट्रॅक्ट संपत आलेल्या माणसाची जीभ त्याच्या ताब्यात नसते.

"सर, कॉलेजात मी एन.सी.सी.त होतो," मी म्हणालो.

"म्हणजे तुला बंदूक येते?"

"बंदुकीशी माझा रोजचा संबंध होता, सर!"

हे शंभर टक्के खरं होतं. मी बंदुका पुसायचो. पुसण्यात माझा हात धरणारा अख्ख्या तुकडीत कुणी नव्हता.

साहेबांचे डोळे चमकले. "पॅरब!" (मी परब, पण साहेबांच्या तोंडी कायम पॅरब.) "तुझ्यासाठी आपण खास पिस्तूल बनवू!"

त्यांची योजना अशी होती. क्लबाचं एक जुनं पिस्तूल कुलपात पडून होतं. त्याचा सांगाडा तेवढा ठेवायचा आणि बाकी सगळं नवं बसवायचं. जड नळी, हलका चाप, पुढे नेम धरायची नवी माशी आणि हाताच्या मापाची अक्रोडाच्या लाकडाची मूठ. "कॅटलॉग घे, आणि मागव," साहेब म्हणाले. "स्टोअर्सचा माणूस आहेस. तुझ्यापेक्षा अचूक कोण मागवणार?"

मी कॅटलॉग घरी आणला. आई जवळ सरकली.

"काय मागवतंस रे?"

"माशी."

"विलायतेसून माशी मागवतंस? हंयच्यो काय कमी पडल्यो?"

नळी झाली, चाप झाला, माशी झाली. शेवटी मुठीच्या पानावर आलो. तिथे प्रत्येक मूठ दोन प्रकारांत होती. एकापुढे इंग्रजी 'आर', दुसरीपुढे 'एल'. मी माझा पंजा दिव्याखाली धरून पाहिला. आमच्या घराण्यात सगळ्यांचे पंजे फावड्यासारखे. माझा सदरा एल, बनियन एल, हॉटेलात नोकरी करणाऱ्या भावाने पाठवलेलं जाकीट एल. तेव्हा 'आर' म्हणजे रेग्युलर आणि 'एल' म्हणजे लार्ज, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका आली नाही.

"शालन," मी म्हणालो, "लार्जच मागवतो. लहान पडली तर पंचाईत."

"बघा बाई," शालन म्हणाली. ती तांदूळ निवडत होती. तिने मान वर करून एकदा कॅटलॉग पाहिला असता, तर हा लेख झाला नसता.

पार्सल आलं ते कस्टममध्ये अडकलं. कंपनीचं परवानगीपत्र घेऊन मी धावलो. अधिकाऱ्याने खोका उघडला, नळी पाहिली, चाप पाहिला, आणि माझ्याकडे पाहिलं.

"पिस्तूल?"

"पिस्तूल क्लबात आहे, सर."

"मग हे काय आहे?"

"हेही पिस्तूलच आहे, पण अजून झालेलं नाही."

त्याने कपाळावर हात मारला, पत्र तीनदा वाचलं आणि शिक्का मारून खोका माझ्याकडे ढकलला. "यल्ला, यल्ला!" म्हणाला, म्हणजे चल, निघ. मी पुन्हा काही समजावून सांगायला लागेन याची त्याला धास्ती वाटली असावी.

क्लबाच्या हत्यारांच्या खोलीची किल्ली दाद मोहम्मद नावाच्या बलुची माणसाकडे असायची. त्याने साहेबांच्या देखरेखीखाली एकेक भाग बसवला. पिस्तूल असं देखणं दिसू लागलं की मला स्वतःबद्दल आदर वाटू लागला. शेवटी मूठ बसली. साहेबांनी ते रिकामं पिस्तूल दोन्ही हातांनी, सत्यनारायणाचा प्रसाद द्यावा तसं माझ्यापुढे धरलं.

मी उजव्या हाताने घेतलं, आणि काहीतरी चुकलं. जिथे अंगठा जायला हवा तिथे लाकडाचा उंचवटा होता. जिथे बोटं जायला हवीत तिथे अंगठ्यासाठी खोबण होती. मी हात वळवला, मनगट मुरडलं, कोपर वर केलं. पिस्तूल हातात बसेना.

दाद मोहम्मद हळूच म्हणाला, "साहब, ये तो खब्बू हाथ का है."

माझ्या डोक्यात एल अक्षर भोवऱ्यासारखं फिरलं. रेग्युलर नव्हे, राइट! लार्ज नव्हे, लेफ्ट!

बार्लो साहेबांच्या भुवया वर चढल्या. "पॅरब," ते सावकाश म्हणाले, "तू डावखुरा आहेस?"

आता विचार करा. स्टोअर्सचा माणूस. साध्या मुठीची ऑर्डर चुकवली. कॉन्ट्रॅक्ट पुढ्यात. तुम्ही काय म्हणाला असता?

"येस सर," मी म्हणालो. "जन्मापासून."

"आणि मला कधी बोलला नाहीस!" साहेबांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मी दाद मोहम्मदच्या अंगावर गेलो. "समोरच्या टीममध्ये एकही डावखुरा नाही. गोंधळून जातील बेटे!"

गोंधळायला सुरुवात झाली ती माझ्यापासून. दुसऱ्या दिवशी साहेब माझ्या टेबलाशी आले आणि मी उजव्या हाताने लिहीत होतो. पेन पटकन डाव्या हातात घेतलं. साहेब गेले तरी ते तिथेच ठेवावं लागलं, कारण त्यांच्या केबिनला काच होती. चहाचा कप डाव्या हातात, फोन डाव्या हातात. सही तर वाळूवरून खेकडा गेल्यासारखी यायची. गोदामवाल्याने माझ्या सहीची चिठ्ठी परत पाठवली. वर हिंदीत निरोप, "परब साहब की सही कोई नकली कर रहा है, ध्यान रखना."

ऑफिसात चूक होऊ नये म्हणून मी घरीही डाव्यानेच सगळं करायचं ठरवलं. दात घासताना ब्रश नाकात जायचा. दाढी करताना मी दोनदा स्वतःला जायबंदी केलं. मैदानावरचा सराव मी सबबी सांगून टाळत होतो; त्याऐवजी संध्याकाळी हात स्थिर राहावा म्हणून इस्त्री डाव्या हातात धरून भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरायचो. (इस्त्री थंड असायची. एकदा नव्हती. त्या कॅलेंडरमधला फेब्रुवारी आम्हाला बघायला मिळाला नाही.)

शालनला सगळं खरं ठाऊक होतं. ती मदत काडीची करत नव्हती, पण करमणूक पुरेपूर करून घेत होती. आईला मात्र काही सांगता येत नव्हतं. आईला सांगितलेली गोष्ट शुक्रवारी भजनात सगळ्या बायकांना कळायची, आणि त्यांतली एक साहेबांच्या ड्रायव्हरची बायको होती.

पण जेवताना काय लपवणार? सुरमईचं सार, भात, आणि मी डावा हात ताटात घातला.

आईचा घास हातातच राहिला. "मेल्या! डाव्या हातान जेवतंस?"

"आई, ते जरा उजवा हात..."

"काय झाला उजव्या हाताक?"

"दुखतो जरासा," मी म्हणालो.

आई उठली. तिने माझा उजवा हात धरला, दाबला, पिळला, आणि मी ओरडलो, कारण कुणीही ओरडलं असतं. तिची खात्री पटली. कुडाळहून आणलेली आंबेहळद उगाळली गेली, लेप चढला आणि वर जुन्या पातळाची पट्टी कोपरापर्यंत बांधली गेली. मग ती देवासमोर उभी राहिली आणि तिने खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा रवळनाथा, महाराजा!"

"होय महाराजा!" शालन म्हणाली. पदराआड तिचं तोंड हसून लाल झालं होतं.

"ह्या माझ्या झिलाच्या हातावर जी काय इडापिडा आसात, ती समुद्रापलीकडे जाऊंदे रे महाराजा!"

"होय महाराजा!"

"आणि कोणी काय करणी केली आसात, तर ती त्येच्याच हाताक लागूंदे रे महाराजा!"

"होय महाराजा!"

मी डाव्या हाताने कपाळ धरून बसलो. करणी करणारा मीच होतो.

सकाळी पिवळी पट्टी घेऊन ऑफिसात गेलो. साहेब दचकले. "पॅरब! हे काय?"

"किरकोळ मुरगळ आहे, सर."

"बरं झालं," साहेबांनी सुटकेचा श्वास टाकला, "उजवा आहे. डावा असता तर सामना हातचा गेला असता!"

आणि मग अबू सलमानने जेवायला बोलावलं.

अबू सलमान मोठा दिलदार माणूस. तरुणपणी मोत्यांच्या व्यापारासाठी बापाबरोबर मुंबईत राहिलेला. फर्डं हिंदी बोलायचा, थोडंफार मराठीही कळायचं. आमच्या कंपनीला पाण्याच्या टाक्या पुरवायचा, म्हणून त्याने अरादच्या घरी बार्लो साहेबांना बोलावलं आणि भाडेकरू म्हणून आम्हालाही. बायका आतल्या खोलीत, आम्ही पुरुष बाहेर गालिच्यावर. मध्ये भलंमोठं ताट, त्यात मछबूसचा डोंगर. मसाल्याचा पिवळा भात आणि त्यावर अख्ख्या मांड्या रचलेलं मटण. सगळे एकाच ताटातून, हाताने खाणार. उजव्याच हाताने. डावा हात त्या ताटाकडे नेणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर थुंकणं.

माझ्या समोर बार्लो साहेब. त्यांना ठाऊक, पॅरब डावखुरा. माझ्या शेजारी अबू सलमान. त्याला ठाऊक, सभ्य माणूस उजव्याने जेवतो. आणि माझा उजवा हात हळदीत!

मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलो.

"खाओ, परब भाई!"

"आज माझा उपास आहे," मी म्हणालो.

आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, "कसलो उपास? सकाळी चार घावणे खाल्लंस!"

अबू सलमानने माझ्या पट्टीकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा कळवळला. "या अल्ला! हाथ को लगा है, और शरम के मारे बोलता नहीं!" असं म्हणून त्याने मटणाचा लिंबाएवढा गोळा तोडला, भातात लपेटला आणि स्वतःच्या हाताने माझ्या तोंडात कोंबला.

तो गोळा गिळतोय तोच दुसरा आला. मी मान हलवली, त्याला ती पसंतीची वाटली. "खलास!" मी म्हणालो. "मफी खलास!" म्हणजे खलासबिलास काही नाही, असं तो गरजला. समोर बार्लो साहेब भारावून बघत होते. असं आदरातिथ्य त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. मीही नव्हतं. उठायच्या वेळी मला दोघांनी उठवलं. घरी परतताना मुहर्रकचा पूल ओलांडताना टॅक्सीवाल्याने माझ्याकडे पाहून खिडकी उघडून दिली.

शेवटी सामन्याचा दिवस उजाडला. शुक्रवार, थंड वारा, वाळूचा बांध, पांढऱ्या खुर्च्या. आई आणि शालन खास आल्या होत्या. अबू सलमानही आला होता. ज्याला भरवलं त्याचा पराक्रम बघायला! बार्लो साहेबांच्या शेजारी त्यांच्या पत्नी बसल्या होत्या. बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या, हातात विणकाम. आईने सकाळीच माझी पट्टी सोडली होती. तिच्या मते हात ठणठणीत बरा झाला होता. देवाने ऐकलं होतं.

माझी पाळी आली. मी डाव्या हातात ते देखणं पिस्तूल घेतलं, श्वास रोखला, चाप ओढला. गोळी बांधात गेली. दुसरी गोळीही बांधात गेली. तिसरी कागदाच्या कोपऱ्याला लागली आणि मी चुकून हसलो. समोरच्या टीममधले खरोखरच गोंधळले होते. आपल्याला हसवायला मुद्दाम कुणी आणलंय की काय, असं ते एकमेकांना विचारत होते.

आणि तेव्हा मागून आवाज आला.

"अरे, उजव्यान मार! उजवो बरो झालो मां तुझो! डाव्यान कित्याक मारतंस?"

साहेबांनी मागे वळून विचारलं, "आई काय म्हणतायत?"

"आशीर्वाद देतायत," शालन पटकन इंग्रजीत म्हणाली. नवऱ्यासाठी तिने केलेली ती एकमेव खटपट.

पण अबू सलमानला मराठी कळत होतं ना! मदत करण्याच्या आनंदात तो उभा राहिला. "नो, नो, मिस्टर बार्लो! मदर सांगते, राइट हँडने मार. तो राइट हँडचा माणूस आहे!"

साहेब उठून माझ्याजवळ आले. "पॅरब. तू नक्की कुठल्या हाताचा?"

"सर..."

"उजव्याने मारून दाखव."

मी पिस्तूल उजव्या हातात घेतलं. डावखुरी मूठ, अंगठा अधांतरी. शिवाय इतके दिवस बिनकामाचा बसल्याने उजव्या हातालाही सुस्ती चढलेली. उरलेल्या सगळ्या गोळ्या मी मारल्या. बांधाने त्या न बोलता पोटात घेतल्या.

"विलक्षण!" बार्लो साहेब म्हणाले. "दोन्ही हातांनी तंतोतंत सारखाच वाईट असलेला माणूस मी प्रथमच पाहतोय. आता सांग, डाव्या हाताची मूठ का मागवलीस?"

पळायला वाळवंट खूप होतं, पण त्याच्या चारी बाजूंना समुद्र होता. मी सांगून टाकलं. "सर, एल होतं. मला वाटलं, लार्ज."

साहेबांचा चेहरा लालवरून जांभळा झाला. माझ्या डोळ्यांपुढे कुडाळची एस.टी. दिसू लागली.

तेवढ्यात कुणीतरी हसलं. मोठ्याने, पोट धरून. मिसेस बार्लो! त्यांच्या मांडीवरचं विणकाम वाळूत पडलं होतं. त्या डोळे पुसत उठल्या, माझ्यापाशी आल्या आणि त्यांनी दाद मोहम्मदला पिस्तूल भरून द्यायला सांगितलं. मग ते डाव्या हातात घेतलं. मूठ अशी बसली, जणू त्यांच्याच पंज्यावर कोरली होती. (म्हणजे ती लार्जसुद्धा नव्हती!)

"मार्गरेट, तू कधी नेम धरला नाहीस," साहेब म्हणाले.

"क्लबात सगळी पिस्तुलं उजव्या हाताची होती," त्या शांतपणे म्हणाल्या. "इतक्या वर्षांत मला कुणी विचारलं का?"

फट्, फट्, फट्. लक्ष्याच्या मधल्या काळ्या गोलात भोकं पडत गेली, एकमेकांना खेटून. खुर्च्यांमधून टाळ्या उठल्या. सर्वांत जोरात आई वाजवत होती.

"बघ," ती मला म्हणाली, "तां बघ कसा मारता! आणि तू? नुसतो माश्यो मारीत बसलंस!"

सामना आम्ही हरलो, कारण मॅडमच्या गोळ्या मोजणीत नव्हत्या. माझं कॉन्ट्रॅक्ट मात्र वाढलं. मॅडमनी नवऱ्याला सांगितलं म्हणे, "या कंपनीने आजवर आणलेल्या वस्तूंमध्ये माझ्या कामाची ही मूठ एवढी एकच होती, तेव्हा त्या माणसाला काढायचं नाही." साहेबांनी मला काढलं नाही. फक्त कॅटलॉगांपासून लांब, आलेले खोके उघडायच्या खोलीत बसवलं. तिथे चूक करायला वावच नव्हता. खोका एक तर उघडतो, नाहीतर उघडत नाही.

पुढच्या हिवाळ्यात मिसेस बार्लोंनी त्याच पिस्तुलाने चषक जिंकला. क्लबाच्या भिंतीवर त्याचा फोटो लागला. मध्ये त्या, चषक आणि पिस्तूल घेऊन. मागे मान ताठ करून मी. टीमचा माणूस म्हणून नव्हे. फोटोच्या वेळी मॅडमना हात मोकळे हवे होते, म्हणून त्यांची पर्स सांभाळायला कुणीतरी विश्वासू माणूस लागणार होता. ती पर्स मात्र मी अजिबात पडू दिली नाही. फोटोत नीट बघा, ती मी दोन्ही हातांनी धरली आहे!